वजन कुठे ठेवायचं

शिडाच्या छोट्या होडीत माणूस म्हणजे आधी वजन. नाव, गाव, कॉलेज, मार्क हे सगळं नंतर. 27 फुटी व्हेलरमध्ये दहाजण बसले की साडेपाचशे-सहाशे किलो भरतात. हे वजन वाऱ्याच्या बाजूला आहे की उलट्या, नाळेकडे झुकलंय की सुकाणूकडे, यावर होडी पळणार, रेंगाळणार की पाणी घेणार हे ठरतं. एनसीसीच्या नेव्हल विंगमधून कोकण किनाऱ्यावरच्या मोहिमेला निघाले तेव्हा माझ्या डोक्यात शिडं, लाटा, जलदुर्ग असं बरंच काही होतं. सरांनी सगळ्यात आधी शिकवलं ते बसायला. वाऱ्याच्या अंगाला बसायचं, गुडघे आत घ्यायचे, उभं राहायचं नाही आणि सुकाणूवरच्या कॉक्सने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. मदत करायला म्हणूनसुद्धा नाही.

हे शेवटचं पचायला जड गेलं. घरात, शाळेत, गणपतीच्या मंडळात आपण एकच शिकलेलो असतो, काम दिसलं की उठायचं. जो आधी उठतो तो गुणी. होडीत नाळेजवळ कुणाचा दोर अडकला म्हणून तिघं एकदम उठले की होडी कलायची, दोर राहायचा तसाच आणि बाकीच्या सात जणांना सावरून बसावं लागायचं.

मी पनवेलची, म्हणजे खरं तर बंदराच्या गावची. पण आमच्या लहानपणी पनवेल म्हणजे एसटी स्टँड, हायवे आणि हार्बर लाइनचं शेवटचं स्टेशन. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं तर माणूस मुंबईत होडीत बसायचा, भरतीच्या पाण्यावर पनवेलच्या खाडीत शिरायचा, इथे उतरून खोपोलीकडे निघायचा आणि बोरघाट चढायचा, हे मला फार उशिरा कळलं. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलच्या बंदराला बरकत आली. 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे सुरू झाली आणि पुण्याच्या माणसाला पनवेलची गरज उरली नाही. मालाच्या होड्या पुढेही येत राहिल्या, पण खाडी गाळाने भरत गेली. आता तिच्या काठाशी नवी मुंबईचा विमानतळ आहे. त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, डोंगर सपाट केला. 8 ऑक्टोबर 2025 ला त्याचं उद्घाटन झालं. खाडीकाठच्या गावात वाढूनही कॉलेजात जाईपर्यंत मी होडीत बसले होते ती फक्त घारापुरीला जाताना.

कॉलेज मुंबईत होतं. नेव्हल विंगमध्ये नाव घातलं ते समुद्राच्या ओढीने वगैरे नाही, आर्मी विंगच्या जागा भरल्या होत्या म्हणून. आईने एकच विचारलं, “पोहता येतं ना? मग जा. डोकं झाकून बस.”

एनसीसी म्हटलं की लोकांना परेड आठवते आणि ती सक्तीची असते असं अजूनही अनेकांना वाटतं. ते अगदीच चूक नाही. 1948 च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली तेव्हा ती ऐच्छिकच होती. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजच्या मुलांना ती सक्तीची झाली आणि 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. म्हणजे आमच्या होडीतला प्रत्येकजण आपणहून आलेला होता. मोहिमेत याचा फार उपयोग होतो असं मला आधी वाटायचं. आपणहून आलेल्यांना कामाला लावावं लागत नाही, हे खरंच आहे. त्यांना थांबवावं मात्र लागतं, हे तिथे गेल्यावर कळलं.

व्हेलर ही मूळची देवमाशांच्या शिकारीची होडी. दोन्ही टोकांना निमुळती, म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे चटकन सरकणारी. ब्रिटिश नौदलाने ती उचलली आणि तिथून आपल्याकडे आली. पाच वल्ही, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. दोन डोलकाठ्या, मधली मोठी आणि मागची छोटी. तीन शिडं, पुढे जिब, मध्ये मेन, मागे मिझन. तळातून खाली सोडता येणारी एक जड पात असते, ड्रॉप कील. वारा शिडाला आडवा ढकलतो तेव्हा ही पात पाण्यात रोवून राहते आणि होडीला बाजूला सरकू देत नाही. उथळ पाण्यात शिरताना ती वर ओढून घ्यायची. छप्पर नाही, खोली नाही, इंजिन नाही. वारा पडला की वल्ही मारायची.

होडीत माणसं नावाने ओळखली जात नाहीत, जागेने ओळखली जातात. नाळेकडचा तो बो, शेवटचं वल्हं मारणारा स्ट्रोक, मधले टू, थ्री, फोर. मी हलकी, म्हणून बऱ्याचदा बो. वारा मागून असला की नाळ पाण्यात खुपसायला बघते, तेव्हा जड माणसं मागे आणि पुढे माझ्यासारखी पन्नास किलोची. एका मुलाने सुरुवातीला चिडवलं की मुलींना पुढे शोभेला बसवतात. सरांनी त्याला माझ्या जागेवर बसवलं. तो पंचाहत्तर किलोचा. पहिल्याच लाटेला नाळेवरून पाणी आत आलं आणि ते उपसायला त्यालाच डबा दिला.

आमची मोहीम जयगडहून वर दाभोळ, हर्णै आणि परत अशी होती. तीन व्हेलर आणि मागे मोटारीची सुरक्षा होडी. थंडीत या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक असतं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, गार आणि सरळ. तो नऊ-दहाला मरतो. मग दोन-तीन तास समुद्र तेल ओतल्यासारखा होतो. बारा-एकच्या पुढे वायव्येकडून खारा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो. सकाळचा वारा फुकट घालवला की दिवसभर हात भरून येतात, म्हणून साडेचारला उठून साडेपाचला पाण्यावर.

मतलई वाऱ्यात शीड हलकेच भरतं. अशा वेळी सगळे वाऱ्याच्या बाजूला बसले तर होडी ताठ उभी राहते, शीड स्वतःच्याच वजनाने लोंबतं आणि वारा त्यात ठरत नाही. म्हणून मंद वाऱ्यात उलट्या बाजूला बसायचं, होडी मुद्दाम थोडी कलती ठेवायची, म्हणजे शिडाला पोट सुटतं. दुपारी जोराचा वारा लागला की तीच माणसं दुसऱ्या काठावर, पाठ बाहेर टाकून. सकाळी जी जागा बरोबर, ती दुपारी चुकीची. जागेवरून भांडणारा माणूस यात लवकर उघडा पडतो, कारण माझी जागा असं काही तिथे टिकतच नाही.

दोराचंही तसंच. शीड आवळायच्या दोराला शीट म्हणतात. मेन शीट हातात आली की पहिली ऊर्मी होते ती खुंटीला दोन वेढे मारून मोकळं व्हायची. दोर ओला, खारट, तासाभरात तळहात सोलून काढणारा. पण सरांचा नियम होता, “शीट बांधना नहीं, पकड़ना।” झोत आला की बांधलेला दोर सोडवेपर्यंत होडी आडवी झालेली असते. धरलेला दोर तेवढ्यात सुटतो, शीड फडफडतं, वारा निघून जातो. त्यामुळे शीट धरणाऱ्याला दुसरं कुठलंही काम नसतं. त्याने पाणी उपसायचं नाही, बाटली पुढे द्यायची नाही, मागे वळून गप्पा मारायच्या नाहीत. बोटांत दोराचा ताण वाचत बसायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल हा नुसता बसलाय. दर तासाला माणूस बदलायचा, कारण तासाभरानंतर बोटं वाचेनाशी होतात. खोबरेल तेलाची एक बाटली होडीत सगळ्यांत मिळून होती, ती शीटवरून उठणाऱ्याच्या हातात आधी जायची.

उघड्या होडीतल्या एकत्र राहण्याच्या काही गोष्टी मोहिमांच्या वर्णनांत येत नाहीत. मुलींनी लघवीला कुठे जायचं, ही त्यातली पहिली. दिवसाचे आठ-नऊ तास किनारा लांब. आम्ही एक जुनी चादर ठेवली होती. दोघींनी ती मागच्या कोपऱ्यात धरायची, तिसरीने डबा घ्यायचा, कॉक्सने “सब आगे देखो” म्हणायचं आणि सगळ्यांनी नाळेकडे बघायचं. पहिल्या दिवशी आम्ही लाजून पाणीच प्यायलो नाही आणि संध्याकाळी एकीचं डोकं इतकं दुखलं की ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलं, दर तासाला प्रत्येकाने पाणी प्यायचं आणि चादर हे होडीचं सामान आहे, दोर आणि वल्ह्यासारखं. त्यानंतर कुणी हसलं नाही. विषय सगळ्यांसमोर एकदा नीट बोलला गेला की तो संपतो, हे मी त्या चादरीवरून शिकले आणि पुढे ऑफिसात बऱ्याच वेळा वापरलं.

रात्री गावातल्या शाळेत मुक्काम. व्हेलर धक्क्याला बांधलेल्या. धक्क्यावर पहारा दोघांचा, दोन तासांचा, मग पुढची जोडी. आधी वाटलं चोरांसाठी. चोर कशाला येतोय होडीतली वल्ही न्यायला? पहारा होता भरती-ओहोटीसाठी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी त्या भागात माणसाच्या उंचीहून जास्त चढतं-उतरतं. भरतीला ताणून बांधलेली होडी ओहोटीला दोराला लटकते, काठ फुटतो किंवा खुंटी उपटते. म्हणून पाणी उतरेल तसा दोर सैल करायचा, चढेल तसा ओढून घ्यायचा, वीतभर, पुन्हा वीतभर. दाभोळला माझा पहारा ओहोटीचा आला. धक्क्याच्या भिंतीवर पाणी उतरताना कालवं लागलेले दगड एकेक करून वर येत होते, आणि त्यावरून आम्ही दोर किती सोडायचा ते ठरवत होतो. माझी जोडीदार मध्येच म्हणाली, “आपण जागे आहोत हे आत कुणाला माहीतही नाही.” खरं होतं. माहीत नव्हतं म्हणूनच ते झोपू शकत होते.

शाळेत मात्र काहीजण बारा वाजेपर्यंत हसत-खिदळत बसायचे. पहारा नाही म्हणजे रात्र आपली. सर एकदाच येऊन म्हणाले, “सोना भी ड्यूटी है।” तेव्हा विनोद वाटला.

आमच्या स्ट्रोकची गोष्ट सांगते म्हणजे तो विनोद का नव्हता ते कळेल. सुधागडकडचा मुलगा, आडदांड, कष्टाळू, कुणाचंही काम अंगावर घेणारा. वल्हं तर त्याचंच. वर पाणीही तो उपसायचा, नांगरही तो ओढायचा, संध्याकाळी शाळेत आमटीचं मोठं टोप घासायलाही तोच बसायचा. दुसऱ्यांच्या पहाऱ्यालाही उठायचा, “झोप तू, मी आहे.” सगळ्यांचा लाडका झाला. टोप घासायची पाळी ज्यांची, ते मोबाइल बघत बसायला लागले. दोन-तीन दिवसांनी दुपारच्या वाऱ्यात अंजनवेलच्या दीपगृहासमोरून जात असताना शीट त्याच्या हातात होती आणि त्याचा डोळा लागला. क्षणभरच. झोत आला तेव्हा दोर त्याच्या मुठीत आवळलेलाच राहिला. कॉक्सने सुकाणू फिरवून नाळ वाऱ्यात घातली म्हणून होडी उभी राहिली, पण काठावरून पाणी आत आलं आणि तळाच्या फळ्या तरंगायला लागल्या. सगळ्यांनी मिळून उपसली. कुणाला काही झालं नाही.

सर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्ट्रोकला मधल्या फळीवर बसवलं आणि म्हणाले, “आज तू सिर्फ़ वजन है।” दिवसभर त्याने वल्हं धरायचं नाही, दोर धरायचा नाही, डबा धरायचा नाही. कॉक्स सांगेल तेव्हा या काठावरून त्या काठावर सरकायचं, एवढंच. त्याला ती शिक्षा वाटली. तासाभरात त्याचा चेहरा पडला. पण त्या दिवशी बाकीच्यांना टोप घासावं लागलं, नांगर ओढावा लागला आणि नांगर ओढायला दोन मुली पुरतात हेही त्याच दिवशी कळलं. तो सगळं करत होता तोपर्यंत आमच्यातल्या निम्म्यांना काही येतच नव्हतं. संध्याकाळी तो स्वतःच म्हणाला, “आज होडी बरी चालली.” आणि पहिल्यांदा नऊ वाजता झोपला.

स्वयंसेवेविषयी आपल्याकडे जे बोललं जातं त्यात झिजण्याचं कौतुक फार. चंदन काय, पणती काय. होडीला झिजलेल्या माणसाचा उपयोग नसतो. तिला हवा असतो तो विश्रांती घेतलेला माणूस, नेमक्या वेळेला नेमक्या काठावर.

किनाऱ्यावरच्या गावांतही हेच वेगळ्या तऱ्हेने समोर आलं. मोहिमेच्या कार्यक्रमात समाजसेवा असायची. म्हणजे किनारा स्वच्छता, झाडं लावणं, व्यसनमुक्तीवर पथनाट्य. बॅनर छापलेला. बोऱ्याच्या बाजूच्या एका गावात आम्ही सकाळभर किनारा साफ केला. चपला, औषधांच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे आणि सगळ्यांत जास्त तुटकी नायलॉनची जाळी, वाळूत अर्धी पुरलेली. एक जाळं दहाजणांनी ओढलं तरी निघेना. एक आजी बघत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाय माझे, उद्या उधान हाय. परत येतला सगला.” आणि आल्या पावली गेल्या. दुसऱ्या दिवशी खरंच निम्मं परत आलं.

संध्याकाळी आमच्यासोबतच्या मॅडमनी शाळेच्या गुरुजींना विचारलं, तुम्हाला काय हवंय? गुरुजी आधी संकोचले. मग म्हणाले, शाळेच्या छपरावरची पाण्याची टाकी पावसाळ्यापासून धुतलेली नाही, वर चढायला माणूस मिळत नाही, तेवढी धुऊन द्याल का? बॅनरवर टाकी नव्हती. फोटोलाही ती काही बरी दिसणारी नव्हती. चौघं वर चढले, आत उतरायला पुन्हा मीच, हलकी म्हणून. तळाशी बोटभर गाळ, मेलेली पाल, पिंपळाची पानं. खराट्याने घासून, बादलीने उपसून दोन तासांत झालं. उरलेले सहाजण खाली नुसते बसले होते, कारण टाकीत एकाच माणसाला जागा आणि शिडीवर दोघांना. पण या वेळी बसून राहण्याचं कुणाला काही वाटलं नाही. त्यातल्या एकीने गुरुजींच्या मुलीला रीफ नॉट बांधायला शिकवलं. निघताना त्या घरातून घावणे आणि कोकमाचं सरबत आलं.

कुणाला नेमकं काय द्यायचं, हे समुद्रावरचे लोक आधीपासून जाणून असतात. हर्णैच्या अलीकडे एक ट्रॉलर आमच्याजवळून गेला. आम्ही खाऱ्या वाऱ्यावर खूश होऊन बंदराकडे सरळ निघालो होतो. तांडेल वरून ओरडला, “पोरांनो, तासाभरात वारा पडनार, वल्ही काडून ठेवा!” आणि निघून गेला. त्याने आम्हाला ओढून नेलं नाही, दोर टाकला नाही. त्याचं मासळीचं वजन लिलावाच्या वेळेत हर्णैला पोचायला हवं होतं. पण जाता जाता जे द्यायचं ते दिलं. वारा पडला आणि वल्ही तयार होती.

मोठ्या होड्यांच्या बातम्या तेव्हापासून मी वेगळ्या नजरेने वाचते. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’मधून 2009-10 मध्ये चार बंदरांत थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असं करणारे ते पहिले भारतीय. एकट्या माणसाला पहारा कुणाकडे सोपवता येत नाही, झोपही तुकड्यातुकड्यांनी घ्यावी लागते. पुढे त्याच दोंदे यांनी नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांना या सफरीसाठी तयार केलं, आणि 10 सप्टेंबर 2017 ला सहाजणी ‘तारिणी’तून निघून 21 मे 2018 ला परतल्या. 254 दिवस, 17 मीटरची होडी, सहा माणसं. लोक लाटांबद्दल विचारतात. माझ्या मनात येतं ते पाळ्यांचं कोष्टक. कोण झोपलं, कोण सुकाणूवर, कुणाचा स्वयंपाक, कुणाचा रुसवा आणि तो कुणी किती वेळ चालू दिला. डिसेंबर 2025 च्या अखेरीला पोरबंदरहून निघालेलं ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज, खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या सांधलेलं, जानेवारीत मस्कतला पोचलं. त्या जहाजावरही काथ्याइतकंच माणसांनी एकमेकांना सांधून ठेवलं असणार.

कॉलेज संपलं, मी कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये हिशेबाच्या कामाला लागले. पनवेलमधल्या काही ट्रेकर मंडळींशी ओळख झाली आणि आपत्तीच्या वेळी मदतीला जाणाऱ्यांत मी सामील झाले. जुलै 2021 मध्ये महाडला सावित्रीचा पूर ओसरल्यावर घराघरांतला चिखल काढायला गेलो तेव्हा, आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हाही.

इर्शाळवाडी पनवेलपासून जवळ. चौकच्या पुढे गाडी सोडायची आणि डोंगर चढायचा. वाडीपर्यंत रस्ता नाही, त्यामुळे यंत्रं वर जात नव्हती. एनडीआरएफचे जवान आणि त्यांच्यासोबतचे लोक हातानेच माती उपसत होते. पाऊस थांबत नव्हता. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. त्या आकड्यांवर मला काही लिहिता येत नाही.

पायथ्याशी जे दिसलं ते मात्र लिहिता येतं. शेकडो माणसं मदतीला आलेली. सगळी चांगल्या मनाने. सगळ्यांना वर जायचं होतं. निसरडी पायवाट एकच, तीच वर जाणाऱ्या जवानांची आणि खाली येणाऱ्या स्ट्रेचरची. खाली बिस्किटं, पाणी, चादरी, जुने कपडे यांचे ढीग, पावसात भिजत. एक ओळखीचा मुलगा चिडून म्हणाला, “आम्ही एवढ्या लांबून आलो आणि आम्हाला वर सोडत नाहीत.” मला व्हेलर आठवली. नाळेवर दोर अडकला म्हणून एकदम उठलेली तिघं.

आमच्यातल्या जाणत्या माणसांनी पायवाटेवर थोड्या-थोड्या अंतरावर माणसं उभी केली. पाण्याचा कॅन, दोरखंड, बॅटऱ्या, जेवणाची पाकिटं हातोहात वर. कुणी आपली जागा सोडायची नाही. मी एका वळणावर, कातळाला पाठ लावून, खालच्याकडून घ्यायचं आणि वरच्याला द्यायचं. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. तासन् तास काहीच यायचं नाही, तेव्हा नुसतं उभं. स्ट्रेचर आलं की पाठ कातळाला चिकटवून वाट द्यायची. माझ्या खालच्या वळणावर एक बँकेतले गृहस्थ होते. त्यांनी दुपारी विचारलं, “आपण इथे करतोय तरी काय?” मी म्हटलं, “वाट मोकळी ठेवतोय.” ते थोडा वेळ गप्प राहिले, मग मागून रेटत वर चढू पाहणाऱ्या चार पोरांना त्यांनीच हात आडवा घालून थांबवलं.

महाडला दुसरी गोष्ट लक्षात आली होती. पहिल्या दोन दिवसांत घराघरात इतके स्वयंसेवक की फावडी पुरेनात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गर्दी ओसरली. रजा संपल्या, अंगं दुखायला लागली, बातम्या दुसरीकडे वळल्या. चिखल तेव्हा वाळून कडक व्हायला लागला होता आणि खरी मेहनत तिथून पुढे होती. विहिरी उपसायच्या होत्या, भिजलेलं धान्य लांब नेऊन टाकायचं होतं, दुकानांच्या वह्या वाळवायच्या होत्या. पहिल्या दिवशी जे धावले ते घरी जाऊन झोपले होते आणि त्यांच्या जागी यायला कुणी राखून ठेवलेलंच नव्हतं. दोष कुणाचा नाही. पहाऱ्याच्या पाळ्या कुणी लावल्याच नव्हत्या.

म्हणून आता आमच्या गटात बोलावणं आलं की आधी याद्या होतात. पहिल्या दिवशी जाणारे कोण, तिसऱ्या दिवशी कोण, आठवड्यानंतर कोण. ज्यांचं नाव तिसऱ्या दिवसाला आहे त्यांनी पहिल्या दिवशी घरीच राहायचं, ऑफिसला जायचं, रात्री वेळेवर झोपायचं, आणि फोनवर येणारे व्हिडिओ बघून निघून यायचं नाही. हे शेवटचं पाळणं फार अवघड जातं. नव्या मुलांना तर तो अपमान वाटतो. संकट आज आहे आणि आम्ही घरी का बसायचं? त्यांना मी मतलई वाऱ्याचं किंवा मेन शीटचं काही सांगत नाही, ते होडीत बसल्याशिवाय कळत नाही. एवढंच सांगते की तिसऱ्या दिवशी तुझ्या हातात फावडं असेल आणि आजूबाजूला माणसं नसतील, तेव्हा तुझी झोप झालेली असली पाहिजे.

पहिल्या दिवसाची यादी पाच मिनिटांत भरते. तिसऱ्या दिवसाच्या यादीसाठी फोन करावे लागतात. माझं नाव मी तिथे आधी लिहिते आणि मग फोन करायला घेते.